सुटका झाल्यावर

आमच्या आळीतला एक माणूस सजा भोगून घरी आला, तेव्हा माझे आबा म्हणाले, "भोगून आलाय न्हवं? मग फिटलं त्याचं." आबा शाळेची पायरी चढलेले नाहीत. पण पुढे अमेरिकेतील शिक्षापद्धतीविषयी वाचताना मला त्यांचे ते वाक्य राहून राहून आठवले. तिथे तुरुंगाचे दार उघडले म्हणजे सारे फिटले, असे होत नाही.

अमेरिकेत राज्यांचे कायदे निराळे आणि संघराज्याचे निराळे. संघराज्याच्या गुन्ह्यांसाठी पूर्वी पॅरोल असे. शिक्षेचा उरलेला भाग बाहेर राहून पुरा करता येई. १९८४ च्या कायद्याने ही पद्धत मोडीत काढली आणि १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना देखरेखीखालील सुटका लागू झाली. ही देखरेख तुरुंगवासाच्या बदली नसते. तो संपल्यावर सुरू होते. बहुतेक गुन्ह्यांत ती जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत, तर काहींत जन्मभरही असू शकते.

माणूस घरी राहतो, पण परवानगीवाचून न्यायालयाचा जिल्हा ओलांडू शकत नाही. आठवड्यास किमान ३० तास काम करावे किंवा ते शोधावे, घर बदलायचे तर दहा दिवस आधी कळवावे, पोलिसांनी नुसते हटकले तरी ७२ तासांत सांगावे, अशा नेहमीच्या अटी असतात. प्रोबेशन अधिकारी केव्हाही घरी येऊ शकतो. अट मोडल्याचा आरोप आला तर सहसा ज्यूरी नसते; एकटा न्यायाधीश त्याला पुन्हा तुरुंगात धाडू शकतो.

न्याय्य तेही सांगितले पाहिजे. अधिकारी काम शोधायला, व्यसन सोडायला मदत करतो. एक वर्षानंतर न्यायालय देखरेख लवकर संपवूही शकते. पण ज्याच्यापाशी मन मोकळे करायचे, तोच न्यायालयाला अहवाल देणार! पाय पुन्हा घसरला, तर माणसाने ते कोणाला सांगावे?

आमच्या आळीतल्या त्या माणसाला कुठे हजेरी द्यावी लागत नाही. तरी त्याला कोणी कामाला बोलावीना. देखरेख आम्ही सारेच करीत होतो. मीसुद्धा महिनाभर त्याला पाहून वाट बदलली, हे इथे कबूल करतो. यंदा पेरणीला आबांनी त्याला हाक मारली. दुपारी बांधावर तिघे भाकरी खायला बसलो, तेव्हा प्रथमच मी त्याच्याशी बोललो.