शोकवाक्यातील कर्ता : ‘जय भीम कॉम्रेड’च्या निमित्ताने

महाड तालुक्यातील तुडील असो वा मुंबईतील घाटकोपर, मृत्यूची वार्ता मराठी माणूस बहुधा ‘गेला’ या अकर्मक क्रियापदाने सांगतो. ‘वारला’, ‘निवर्तला’ ही रूपेही त्याच जातीची होत. यांत मृत व्यक्ती हीच कर्ता असते. दुसऱ्या कोणाची अपेक्षा वाक्यास नसते. वार्धक्याने आलेल्या मृत्यूस ही रचना शोभते. परंतु आपले माणूस हिंसेने हिरावले गेले असता शोक करणाऱ्यापुढे व्याकरणाचाच पेच उभा राहतो : मारणाऱ्याचा निर्देश करावयाचा की नाही? आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा अनुबोधपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यास चपलांचा हार घातलेला आढळला. लोक जमले, राज्य राखीव पोलीस दलाचा गोळीबार झाला आणि १० जण मृत्युमुखी पडले. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम वृत्तपत्री वळणाने लिहिले आहे. ‘पाऊस झाला’ तसा ‘गोळीबार झाला’. ‘त्याला गोळी लागली’ असे म्हटले तरी कर्तृपद गोळीकडेच जाते व मृत मनुष्य चतुर्थीत उरतो. ‘मारला गेला’ हा कर्मणी प्रयोगही कर्त्याचा लोप खुशाल सहन करतो. ‘पोलिसांनी मारले’ असे म्हटल्यावाचून ‘नी’ हा प्रत्यय वाक्यात येत नाही, आणि आप्तांचा सारा आग्रह त्या एका प्रत्ययासाठी असतो. जमाव टँकर पेटविण्याच्या बेतात होता, हे पोलिसांचे समर्थन चित्रपट तपासून पाहतो, ते याच कारणाने. २००९ साली सत्र न्यायालयाने अधिकारी मनोहर कदम यांस सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. पुढे उच्च न्यायालयाने त्यांस जामीन दिला. म्हणजे त्या वाक्यास कर्ता मिळण्यास बारा वर्षे लागली.

शाहीर विलास घोगरे यांचा मृत्यू याहून बिकट. गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैस, त्यांनी आत्महत्या केली. येथे व्याकरण मृतासच ‘ने’ प्रत्यय लावून मोकळे होते. त्या रचनेने पटवर्धनांचे समाधान झाले नसावे. घोगरे त्यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या पटात गायले होते. चौदा वर्षे चित्रीकरण करून त्यांनी हा अकरावा मृत्यू आधीच्या दहांच्या वाक्यात नेऊन बसविला. चित्रपट लांबला आहे खरा. पण कारणांची ही साखळी थोडक्यात दाखविता आली असती, असे आम्हांस वाटत नाही.

काळाविषयीही एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. गेलेल्या माणसाविषयी बोलताना मराठीत रीतिभूतकाळ येतो : ‘तो गात असे’, बोलीत ‘गायचा’. जुन्या चित्रफितीत मात्र घोगरे गातात, वर्तमानकाळात.