दुसऱ्या फळीचा पावसाळा

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात येतो, तेव्हा गोल करणाऱ्याचे नाव मथळ्यात झळकते, गोलरक्षकाचे नाव मजकुरात येते आणि बचावपटूचे नाव बहुधा त्याच्या हातून काही प्रमाद घडला असेल तरच छापले जाते. या बचावपटूच्या जागी उद्या उभे राहावे लागेल म्हणून बाकावर बसून असलेल्या पाचव्या-सहाव्या गड्याचे नाव तर कोणी विचारीतही नाही. आमचा हा लेख त्या अनामिकाविषयी आहे. ज्या दोन-अडीच महिन्यांत तो घडतो वा बिघडतो, त्या हंगामपूर्व सराव शिबिराविषयीही आहे.

आमच्या हिंडलग्याचा आणि या विषयाचा संबंध काय, असा प्रश्न इंदूर-बडोद्याच्या वाचकांस पडेल. बेळगावहून वेंगुर्ल्याकडे निघालेल्या रस्त्यावरचे हे आमचे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते तेथील कारागृहामुळे. परंतु येथून चोर्ला घाट उतरला, की शे-सव्वाशे किलोमीटरांवर गोवा आहे आणि गोव्यात फुटबॉल हा केवळ खेळ नसून चरितार्थाचे साधन आहे. व्यावसायिक फुटबॉलचे आम्हांस सर्वांत जवळचे घर तेच. पावसाळ्यात इकडे भाताच्या रोपांची लावणी चालू असते आणि त्याच पावसात तिकडे संघांची शिबिरे भरतात. आमच्याकडील पोरांचा चिखलातला खेळ पाहावा, तर प्रत्येकाला पुढे धावायचे असते. “तू मागं थांब की रे!” हे वाक्य ज्याला ऐकावे लागते, तो सर्वांत धाकटा किंवा सर्वांत गरीब स्वभावाचा असतो. व्यावसायिक संघात मात्र या ‘मागं थांबणाऱ्या’साठीच सर्वाधिक विचार करावा लागतो.

फळी हा शब्द आपल्या भाषेने या खेळाला फार नेमका दिला आहे. आघाडीची फळी, मधली फळी, बचावफळी. घराच्या दाराला लावलेल्या फळ्यांपैकी एक जरी निखळली तरी दार बंद असल्याचा उपयोग उरत नाही, तसेच बचावाचे आहे. आघाडीचा एक गडी निष्प्रभ ठरला तर गोल होत नाही, एवढेच. बचावातील एक गडी चुकला तर उरलेल्या तिघांचे कष्ट क्षणात मातीला मिळतात. कबड्डीत साखळी धरलेल्या गड्यांपैकी एकाने हात लवकर सोडला म्हणजे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याहून अधिक सांगणे नको.

साधारणतः बचावात चार जागा असतात: मध्यभागी दोघे आणि दोन्ही बगलांना एकेक. प्रत्येक जागेला एक राखीव धरला तरी आठ गडी झाले. हे गणित कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात उजव्या बगलेचा गडी डावीकडे सहसा शोभत नाही, आणि बगलेवर वाऱ्यासारखा धावणारा मध्यभागी उभा केला तर उंच चेंडूवर कमी पडतो. त्यात परदेशी खेळाडूंचे नियम आले. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये २०२३-२४ च्या हंगामात संघाला सहा परदेशी खेळाडू नोंदविता येत होते व त्यांपैकी चारच एका वेळी मैदानात उतरविता येत होते. गोल करणारा परदेशी असावा असा बहुतेक संघांचा आग्रह असतो. त्यामुळे मध्यबचावात एखादाच परदेशी गडी परवडतो. त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा देशी मध्यरक्षक हा म्हणून दुर्मिळ ऐवज आहे. तसा एक मिळाला तर भाग्य. दोन मिळाले तर त्या संघाच्या चालकांनी देवाला नारळ वाढवावा.

हे सारे कसे अनुभवास येते, हे एफसी गोवा या संघाच्या २०२३-२४ च्या हंगामात स्पष्ट दिसले. त्या वर्षी जूनमध्ये मानोलो मार्केझ या स्पॅनिश प्रशिक्षकाने संघाची सूत्रे घेतली. हैदराबादच्या वाचकांना हे नाव परिचित असेल. २०२२ साली त्यांच्या शहराच्या संघाला अजिंक्यपद मिळवून देणारे ते हेच. गोव्याने त्या उन्हाळ्यात बचावफळी जणू नव्याने बांधावयास घेतली. भारतीय संघाचा ज्येष्ठ बचावपटू, चंडीगढचा संदेश झिंगन आणि स्पेनचा ओदेई ओनाइंदिया हे मध्यभागी; उजव्या बगलेला गोव्याचाच सेरिटन फर्नांडिस; डाव्या बगलेला आपल्या पुण्याचा जय गुप्ता, जो पोर्तुगालमध्ये खेळून आला होता. पहिले चार उत्तम होते, याविषयी कोणाचेही दुमत नव्हते. १८८८ साली सुरू झालेली ड्युरँड स्पर्धा अलीकडे या संघांच्या पूर्वतयारीचाच भाग झाली आहे. तिच्या उपान्त्य सामन्यात ३१ ऑगस्ट २०२३ रोजी मोहन बागानने गोव्याला २-१ असे हरविले, पण संघ आकार घेत असल्याचे दिसत होते. पुढे लीग सुरू झाल्यावर नववर्षाच्या विश्रामापर्यंत गोव्याला कोणीही हरवू शकले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे आशियाई चषकाची स्पर्धा झाली. २३ जानेवारीस सीरियाविरुद्धच्या सामन्यात झिंगनच्या गुडघ्याला इजा झाली आणि त्याचा तो हंगाम तेथेच संपला. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे हे फुटबॉलपटूचे सर्वांत मोठे भय असते. शस्त्रक्रिया, नंतर पुन्हा चालावयास शिकणे, मग धावणे, मग वळणे असे महिन्यांमागून महिने जातात. झिंगनने हे दुःख २०१९ साली एकदा भोगलेले होते.

आता दुसऱ्या फळीची परीक्षा होती. १४ फेब्रुवारीस मोहन बागानने गोव्याला एका गोलने हरविले. तो हंगामातील पहिला पराभव. एका आठवड्याने गुवाहाटीस नॉर्थईस्टने दोन गोल केले. २५ फेब्रुवारीस कोचीत केरळ ब्लास्टर्सविरुद्ध गोवा दोन गोलांनी पुढे होता आणि सामना ४-२ असा हरला. एकाच माणसाच्या गुडघ्यावर हे सारे खापर फोडणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. इतरही दुखापती होत्या, आणि ज्यांनी त्याची जागा घेतली तेही काही नवशिके नव्हते. संघ त्यातून सावरलाही व लीगमध्ये तिसरा आला. पण मध्यरक्षक हा केवळ चेंडू अडविणारा नसतो. तो मागून सर्वांना ओरडून जागा सांगतो, कधी एक पाऊल पुढे यावे आणि कधी मागे सरावे हे ठरवितो. हा आवाज बदलला, की उरलेल्या तिघांना तो नव्याने ऐकावयास शिकावे लागते. अशी ओळख फेब्रुवारीत होत नसते. ती जुलै-ऑगस्टमध्ये व्हावी लागते.

आणि मग २४ एप्रिल २०२४ ची रात्र. मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटीविरुद्ध उपान्त्य फेरीचा पहिला सामना. बोरिस सिंग आणि कर्णधार ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांमुळे गोवा ८९ मिनिटांपर्यंत २-० असा पुढे होता. नव्वदाव्या मिनिटास छांगतेने एक गोल केला. लगेच पुढच्या मिनिटास विक्रम प्रताप सिंगने दुसरा केला. वाढीव वेळेच्या सहाव्या मिनिटास पुन्हा छांगते. गोवा २-३ असा हरला. मुंबईतील दुसरा सामनाही मुंबईने २-० असा जिंकला आणि पुढे ४ मे रोजी मोहन बागानला नमवून करंडक नेला. शेवटच्या त्या काही मिनिटांत बचावाचे पाय जड झाले होते, एवढे खेळ न जाणणाऱ्यालाही दिसावे. आज एका सामन्यात पाच खेळाडू बदलता येतात. पाच बदल करण्याची मुभा असणे निराळे, आणि दोन गोलांची आघाडी ज्यांच्या हाती निश्चिंतपणे सोपवावी असे ताजे बचावपटू बाकावर असणे निराळे.

शिबिरात या गड्यांचे नेमके होते तरी काय? पहिले काही दिवस निव्वळ दमसासाचे असतात. सुटीत वाढलेले वजन उतरविणे, धावणे, पुन्हा धावणे. पुढे प्रशिक्षक बचावफळी वेगळी काढतो आणि चौघांमध्ये जणू दोरी बांधली आहे असे चालावयास लावतो: चेंडू उजवीकडे गेला की चौघेही उजवीकडे, चेंडू मागे गेला की चौघेही पुढे. ऑफसाइडच्या नियमाचा फायदा घ्यायचा तर ही रेषा तसूभरही वाकून चालत नाही. हे काम इतके कंटाळवाणे आहे, की सराव पाहावयास आलेली मंडळी थोड्याच वेळात निघून जातात. मग मित्रत्वाचे सामने होतात. पूर्वार्धात एक संच, उत्तरार्धात दुसरा. या दुसऱ्या संचातील जोड्या प्रशिक्षक मुद्दाम मोडतो: मुख्य मध्यरक्षकाबरोबर राखीव, राखीव मध्यरक्षकाबरोबर मुख्य बगलरक्षक. ज्याने हे केले नाही, त्याला फेब्रुवारीत भोगावे लागते.

राखीव गड्याच्या दृष्टीने मात्र या दिवसांचे मोल निराळेच. हंगाम सुरू झाल्यावर त्याच्या वाट्याला कदाचित चार-पाच सामने येतील, कदाचित एकही येणार नाही. प्रशिक्षकाच्या नजरेत भरण्याची संधी ती याच पावसाळ्यात. एक-दोन वर्षांच्या करारावर संसार उभा असतो, धाकटी भावंडे शिकत असतात, आणि एखादा उंच चेंडू डोक्यावरून निसटला तर पुढच्या वर्षाचा करार निसटतो. बँकेतील कारकुनाला वर्षात एकदा अशी परीक्षा द्यावी लागली असती, तर आमच्या परिचयाचे कितीतरी गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले असते!

गोव्याच्या भूमीने असे धीराचे बचावपटू पूर्वीही दिले आहेत. १९८० साली जन्मलेला महेश गवळी चर्चिल ब्रदर्सकडून पुढे आला आणि २००३ साली ईस्ट बंगालमध्ये होता. त्या वर्षी ईस्ट बंगालने जाकार्ता येथे आशियान क्लब स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेपूर्वी प्रशिक्षक सुभाष भौमिक यांनी संघाला कलकत्त्यातील पंचतारांकित हॉटेलात ठेवून शिबिर घेतले, शरीरबलासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमला, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली होती. २६ जुलै २००३ रोजी अंतिम सामन्यात थायलंडच्या संघावर ३-१ असा विजय मिळाल्यावर ती नाके सरळ झाली. पुढे गवळी धेंपो क्लबमध्ये आला. तेथे समीर नाईक आणि तो यांनी बचावाचा मध्यभाग सांभाळला. आर्मांडो कुलासो यांच्या हाताखाली धेंपोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या काळच्या धेंपोचे वैशिष्ट्य असे, की संघ वर्षानुवर्षे फारसा बदलत नसे. एकमेकांचा आवाज ओळखण्यासाठी नव्याने शिबिर भरविण्याचे प्रयोजनच उरत नसे. गवळी पुढे भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला, आणि २०२३ साली बंगळुरूतील दक्षिण आशियाई स्पर्धेत मुख्य प्रशिक्षकावर कारवाई झाल्यावर संघ त्यानेच सांभाळला. भारताने ती स्पर्धा जिंकली. बचावपटू चांगला प्रशिक्षक का होतो, याचे कारण उघड आहे. आयुष्यभर त्याने सारा खेळ मागून पाहिलेला असतो.

झिंगन बरा होऊन परतला, आणि २०२४-२५ मध्ये गोवा लीगमध्ये दुसरा आला. ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून त्याने सुपर कपही जिंकला. एकही गोल स्वीकारला नाही, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो.

परंतु त्यानंतरच्या पावसाळ्यात जे घडले, ते या देशाच्या फुटबॉलने पूर्वी क्वचितच पाहिले असेल. महासंघ आणि लीगचे व्यावसायिक भागीदार यांच्यातील कराराचा प्रश्न सुटला नाही, आणि ११ जुलै २०२५ रोजी हंगाम स्थगित असल्याचे जाहीर झाले. सामने केव्हा होणार हेच ठाऊक नसेल, तर शिबिर कशासाठी भरवायचे? कित्येक संघांनी सराव थांबविला. आमच्याच राज्यातील बंगळुरूच्या संघाने ऑगस्टच्या आरंभी मुख्य संघाचे खेळाडू व कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी रोखले. अशा वेळी तारांकित खेळाडूचे एक वर्ष गेले तरी त्याच्या नावावर त्याला कोठेतरी काम मिळते. राखीव बचावपटूचे एक वर्ष गेले, की त्याला पाहिलेलेच कोणी नसते.

गोव्याला सराव थांबविण्याची मोकळीक नव्हती. सुपर कपच्या विजयामुळे आशियाई स्पर्धेचे दार उघडले होते. १३ ऑगस्ट २०२५ रोजी फातोर्ड्यावर ओमानच्या अल-सीब संघाशी एकच निर्णायक सामना होता. लीग होणार की नाही याचा पत्ता नसताना, पाठीशी एकही अधिकृत सामना नसताना, केवळ शिबिराच्या शिदोरीवर हा संघ मैदानात उतरला आणि २-१ असा जिंकला. २२ ऑक्टोबरला त्याच मैदानावर सौदी अरेबियाचा अल-नस्र आला. रोनाल्डो आला नाही, म्हणून पुष्कळांचा विरस झाला. तरी कोट्यवधींच्या त्या संघाला गोव्याच्या बचावाने दोनच गोल करू दिले, आणि गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने एक गोल परत केला.

लीग अखेर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू झाली, तीही प्रत्येकाशी एकदाच खेळण्याच्या आखूड स्वरूपात. इकडे तोवर सुगी उरकून शिवारे मोकळी झाली होती. चौदा संघ मैदानात उतरले. त्यांपैकी कित्येकांच्या वाट्याला त्या वर्षी पावसाळ्यातले शिबिर आलेच नव्हते.