पायरी चढण्याची सोय

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नाट्यदिग्दर्शक कमलाकर सारंग चढले. 1972 साली निळू फुले आणि लालन सारंग यांच्या भूमिका असलेल्या 'सखाराम बाइंडर'चे जेमतेम तेरा प्रयोग झाले आणि नाटक बंद पाडलं गेलं. नाटककार विजय तेंडुलकरांची भाषा, नाटकातल्या चंपाची दारू, लग्नाविना एका छपराखाली राहणं, सगळंच नाटकांची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाला, म्हणजे सेन्सॉरला, खटकलं होतं. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. रस्त्यावरचा विरोध मागे लागला तो लागलाच, पण नाटक पुन्हा उभं राहिलं.

आता प्रागच्या कडेचं होर्नी पोचेर्निसे. नोव्हेंबर 1975. बंदी घातलेले चेक नाटककार वाक्लाव हावेल यांचं नाटक हौशी मंडळींनी एका खानावळीच्या सभागृहात केलं. प्रयोग एकच. नंतर पोलिसांनी नटांनाच नव्हे, प्रेक्षकांनाही गाठलं. नाटक बघितलं एवढाच गुन्हा! दाद मागायची कुणाकडे? हावेल यांचं लिखाण तिथे टाइपरायटरवर, कार्बन लावून, हातोहात फिरायचं. शेवटच्या प्रतीतली अक्षरं म्हणे डोळे ताणून वाचावी लागत.

कात्री दोन्हीकडे होती. फरक पायरीचा.

आणि ती पायरी आपल्याकडेही खचते, हे त्याच 1975 ने दाखवलं. आणीबाणीत मजकूर आधी सेन्सॉरकडे, मग छापखान्यात. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम 19 चा आधार गोठलेला. तरीही 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचे संपादक मिनू मसानी सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि 1976 मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या दिवसांत असा निकाल द्यायला छाती लागत असे.

म्हणून आपण निर्धास्त राहावं का? 1876 चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी आणला. 'कीचकवध' नाटकातल्या कीचकात व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसल्यावर 1910 साली ते नाटकही बंद केलं. त्याच इंग्रजांनी स्वतःच्या देशातली नाटकाची पूर्वतपासणी सप्टेंबर 1968 मध्ये मोडीत काढली आणि दुसऱ्याच रात्री लंडनमध्ये 'हेअर' हे संगीतक लागलं. आपण 1876 चा कायदा 2018 साली रद्द केला खरा, पण महाराष्ट्रात संहिता अजून आधी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. अमोल पालेकरांनी 2016 साली त्याला न्यायालयात आव्हान दिलं. तालमीच्या हॉलमध्ये मात्र नेपथ्य, प्रकाशयोजना, तारखा यांच्या गप्पांत हा प्रश्न सहज विचारला जातो: "सेन्सॉर झालं का?"