बंदूक तीच, नखरा नवा!

गोळी तेवढीच लागते. रेंज तेवढीच. रिलोड करायलाही तेवढाच वेळ. तरीही साध्या एम-४१६ वर बर्फाची नक्षी चढवायला लोक पगारातले पैसे मोजतात. 'ग्लेशियर' हे नाव ऐकून ज्याचे डोळे चमकले नाहीत, तो कधी बीजीएमआय खेळलेलाच नाही, एवढं नक्की!

या नक्षीला म्हणतात स्किन. बंदुकीची स्किन, हेल्मेटची स्किन, गाडीची स्किन आणि अख्ख्या कॅरेक्टरचा पोशाख. बॅटल रॉयालमध्ये सगळे सारखेच उतरतात, रिकाम्या हातांनी. बंदूक सापडेल त्या घरातून उचलायची. पण तिच्यावरचा रंग मात्र आपण आपल्या खात्यातून आणलेला! खऱ्या रुपयांनी यूसी घ्यायचे, यूसीने क्रेट उघडायचे आणि नशिबात असेल ते निघतं. पुढे लेव्हल वाढवली की समोरच्याला टिपल्यावर मेसेजही झोकात येतो.

रंगांची उतरंड

लूट आणि रंग यांचं नातं जुनं आहे. २००९ साली आलेल्या 'बॉर्डरलँड्स'मध्ये पांढरी बंदूक साधी, मग हिरवी, निळी, जांभळी आणि सगळ्यात वर केशरी, म्हणजे लेजंडरी. तिथे रंगावरून ताकद कळायची. नुसत्या मिरवण्याचा बाजार खऱ्या अर्थाने तापला तो ऑगस्ट २०१३ मध्ये, 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये बंदुकांच्या स्किन आल्यावर. त्या विकताही येत होत्या, त्यामुळे खेळाचा चक्क शेअरबाजार झाला! पुढे २०१८ मध्ये बेल्जियमने पैसे घेऊन उघडायच्या असल्या पेट्यांना थेट जुगार ठरवलं.

आपली मंडळीही मागे नाहीत. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस बॅटल रॉयाल' आणला. त्यातली कॅरेक्टर्स बघा : मोर-नी, बिग गज, सर-ताज. परदेशी कमांडोऐवजी मोर आणि हत्ती! आपल्या मातीतला पोशाख घालून मैदानात उतरता येतं, ही गंमत वेगळीच.

मिरवायला लागतंच!

घरचे विचारतात, 'त्या चित्रावर कशाला पैसे घालवतोस?' पण समजा, तुम्ही अमळनेरहून पुण्यात आलात, आयटीत लागलात. शाळेतले चौघे चार गावांना पांगले. रात्री साडेदहाला स्क्वाड जमतो, तोच तुमचा कट्टा. तिथे नवा पोशाख घालून उतरलात आणि कुणी म्हणालं, 'एक नंबर शे भो!', की दिवसभराचा शीण गेला. लग्नात एकदाच घालायच्या शेरवानीवर आपण खर्च करतोच ना? हौसेला मोल नसतं, हे पूर्वीपासूनच चालत आलंय.

प्रश्न हौसेचा नाही. प्रश्न मालकीचा आहे.

२ सप्टेंबर २०२० आठवतो? सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद. ज्यांनी हजारो रुपयांचे पोशाख जमवले होते, त्यांचं कपाट एका रात्रीत कुलूपबंद! २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, जुना माल काही काळ नव्या खात्यात हलवता आला. ज्यांनी मुदत चुकवली, त्यांचं गेलं ते गेलंच. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयही ॲप स्टोअर्समधून गायब झाला, तो परतला मे २०२३ मध्ये. कारण साधं आहे. स्किन तुम्ही विकत घेत नाही, ती वापरायची परवानगी विकत घेता. बीजीएमआयमधला पोशाख विकता येत नाही, खातं विकणंही नियमाबाहेर.

अमळनेरचा कागद

इथे अमळनेरचीच गोष्ट आठवते. १९४५ साली तिथे वनस्पती तूप बनवणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू झाली. तीच आजची विप्रो! गावातल्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले आणि वर्षानुवर्षं सांभाळले. त्यातून कित्येक जण कोट्यधीश झाले. तोही कागदच होता, दिसायला ग्लेशियरपेक्षा कितीतरी फिका. पण तो त्यांच्या नावावर होता.

विकता येणाऱ्या स्किनचं तरी काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक'च्या एका अपडेटने दुर्मीळ सुऱ्या मिळवणं सोपं केलं आणि त्यांचे भाव धाडकन आपटले. दुर्मीळपणा कंपनीच्या हातात असला की किंमतही तिच्याच हातात!

मग स्किन घ्यायचीच नाही? घ्या की! फक्त खर्च सिनेमाच्या तिकिटासारखा धरा, गुंतवणुकीसारखा नाही. महिन्याची रक्कम आधी ठरवा आणि ती यूसीत नाही, रुपयांत मोजा. 'अजून एकच क्रेट' असं वाटलं, की फोन बाजूला ठेवा. थेट विकत मिळणारी वस्तू आणि नशिबाची पेटी यात पहिलीच निवडा. आणि क्रेडिट कार्ड गेमला जोडून ठेवू नका.

बाकी झोनमध्ये मिरवा बिनधास्त! ईएमआयची तारीख येईल, तेव्हा लेव्हल थ्रीचं हेल्मेट काही कामाचं नाही, एवढं लक्षात असू द्या.