फ्लायव्हीलचे बोल्ट : जुने की नवे?

बेळगावहून चोरला घाटाने गोव्यात नित्य ये-जा करणाऱ्या मोटारीचा क्लच सपाट मुलखातील मोटारीच्या क्लचहून लवकर झिजतो, हे चालकमंडळींना सांगावयास नको. क्लच बदलावयाचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणे आले, आणि तो उतरला की समोर दिसते ते जड, वाटोळे फ्लायव्हील. ग्रंथांतून त्यास प्रचक्र म्हणतात. आपण गॅरेजातलेच नाव ठेवू. त्याची पाठ तापून तडकलेली असली तर तेही काढावे लागते. मग मालक आणि मेस्त्री यांच्यात एक जुना प्रश्न उभा राहतो. काढलेले सहा-आठ बोल्ट पुन्हा घालावेत, की नवे आणावेत?

प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण श्रोतेहो, एक हिशेब पाहा. चौदा सेंटिमीटर त्रिज्येचे चक्र मिनिटाला ५,००० फेरे घेऊ लागले म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी २६० किलोमीटरांच्या वर जातो. सहा-आठ किलो वजनाचा हा लोखंडी ऐवज चालकाच्या पायांपासून फार दूर नसतो, आणि मध्ये असते ते गिअरबॉक्सचे ॲल्युमिनियमचे कवच आणि पातळ पत्रा.

पुष्कळांचा असा समज असतो की, इंजिनाचा जोर बोल्टांच्या दांड्यांवरून चाकाकडे जातो. वस्तुतः तसे नाही. बोल्ट घट्ट केला की तो किंचित ताणला जातो. ताणलेल्या रबराप्रमाणे तो आखडू पाहतो, आणि त्या ओढीने फ्लायव्हील क्रँक शाफ्टच्या तोंडावर दाबून धरले जाते. दहा मिलिमीटरचा एक चांगला बोल्ट तीन-चार टनांची ओढ देतो. सहांची मिळून वीस टनांच्या आसपास भरते. जोर वाहून नेते ते या दाबातून उपजणारे घर्षण. दाब कमी पडला की चक्र केसभर सरकू लागते, बोल्टांस कातरीत धरल्यासारखे होते, आणि ते एकामागून एक तुटतात.

आता ही ओढ मोजावयाची कशी? टॉर्क पान्याने आपण मोजतो तो पीळ, ओढ नव्हे. दिलेल्या पिळापैकी सुमारे नऊ-दशांश भाग बोल्टाच्या डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणातच खर्ची पडतो, जेमतेम एक-दशांश ताणाच्या कामी येतो. म्हणून आट्यांस तेल लागले असता त्याच पिळात बोल्ट भलताच ताणला जातो, आणि गंज असला तर पाना ‘झाले’ म्हणतो, पण आत बोल्ट सैलच राहतो. या अडचणीवर कारखानदारांनी काढलेली तोड म्हणजे कोनाने घट्ट करणे. फोक्सवॅगनच्या पुष्कळ इंजिनांस ६० न्यूटन-मीटर पीळ देऊन पुढे आणखी ९० अंश, म्हणजे पाव फेरा, फिरवावयास सांगितलेले असते. या पाव फेऱ्यात बोल्ट स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपाशी किंवा तिच्या थोडा पलीकडे जातो. ओढ एकसारखी व भरपूर मिळते. पण बोल्ट कायमचा लांबतो. असा बोल्ट एकदाच वापरावयाचा असतो, आणि कंपनीच्या पुस्तकात तसे लिहिलेलेही असते.

“वीस वर्षे जुनेच घालतो, काही झाले नाही,” असे सांगणारे मेस्त्री असतात. ते खोटे बोलत नाहीत. दुसऱ्यांदा ताणलेला बोल्ट पुष्कळदा टिकतो. तथापि त्याच्यात आणखी किती ताण सोसण्याची शक्ती उरली आहे, हे डोळ्यांनी दिसत नाही. नव्या बोल्टांचा खर्च गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपुढे इतका अल्प असतो की, येथे काटकसर करण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

केवळ पिळाने घट्ट करावयाच्या बोल्टांची गोष्ट निराळी. पुस्तकाची मनाई नसेल तर ते पुन्हा वापरता येतात, पण पारखून. नव्या बोल्टाशेजारी धरून लांबी पाहावी. मान बारीक झाली आहे काय ते पाहावे. चांगला नट हाताने शेवटपर्यंत फिरतो की मध्येच अडतो ते पाहावे. एक जरी नापास झाला तरी सगळा संच बदलावा. बाजारातून ‘तसलाच दिसणारा’ बोल्ट मात्र आणू नये. डोक्यावरील १०.९ किंवा १२.९ हा आकडा पोलादाची ताकद सांगतो. लांबी चुकली तर बोल्ट आतल्या भागास घासतो.

जर्मनीच्या जुन्या बीटलमध्ये तर सारे फ्लायव्हील एकाच मोठ्या पोकळ बोल्टावर आणि चार खुंट्यांवर असे, आणि त्या एका बोल्टास ३०० ते ३५० न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागे. तेथे चूक पोटात घालावयास दुसरा बोल्टच नसे!

बसवताना प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि गाडी केवळ जॅकवर उभी ठेवून खाली शिरू नये. क्रँक शाफ्टचे तोंड आणि फ्लायव्हीलची बैठक पुसून कोरडी करावी; चिकटलेला कण चक्रास डुगडुगते करतो. भोकांतील जुना गोंद ब्रशाने काढावा. धातू कापणारा टॅप फिरवला तर आटे झिजतात. पुष्कळ इंजिनांत ही भोके आरपार तेलाच्या घरात उघडतात. तेथे आटेबंद गोंद हवाच, नाहीतर तेल आट्यांतून झिरपून क्लच प्लेटवर येते आणि बिचाऱ्या मागच्या सीलवर आळ येतो. १९५३ साली अमेरिकेत व्हर्नन क्रीबल यांनी शोधलेला हा गोंद हवा तुटली की धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. पुरता आवळण्यास साधारण एक दिवस लागतो. नव्या बोल्टांवर तो आधीच लावलेला असेल तर वर आणखी लावू नये.

चक्र फिरू नये म्हणून दात्यांत योग्य अडसर लावावा. पेचकस खुपसला तर दाते मोडतात. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत घट्ट करावेत, आणि कोनासाठी प्रत्येक डोक्यावर रंगाची रेघ ओढावी. हवेच्या बंदुकीने शेवटचा आवळ कधीही देऊ नये.

गाडी सुरू झाल्यावर मागून ठकठक ऐकू आली आणि क्लच दाबताच ती बदलली किंवा थांबली, तर फ्लायव्हील सैल असल्याचा संशय घ्यावा. इंजिन तेथल्या तेथे बंद करावे. घराजवळ आलो आहोत म्हणून चालवत नेऊ नये.