झोळीपासून पोर्टलपर्यंत

धोंडो केशव कर्वे १९२९ मध्ये परदेशी निघाले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. युरोप, अमेरिका, जपान करून आले आणि काही महिन्यांतच आफ्रिकेला रवाना झाले. उद्देश एकच, महिला विद्यापीठासाठी निधी. सभेत उभे राहायचे, संस्थेचे काम सांगायचे आणि आफ्रिकेत स्थिरावलेल्या भारतीयांपुढे हात पसरायचा. या मागणीला अर्ज जोडलेला नव्हता. समोर उभा असलेला वृद्ध गृहस्थ हाच अर्ज.

याच विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले होते, ते मात्र अटीवर. विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव द्यायचे. मुंबई-पुण्यात रोज हजारो मुली ‘एसएनडीटी’ म्हणतात, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची ही अटच उच्चारत असतात. देणगीला अट चिकटणे ही काही कंपन्यांच्या काळातली नवलाई नव्हे.

मोठा दाता गाठण्याची ही एक वाट. दुसरी वाट अगदी उलट दिशेने जाणारी. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड माणशी एक पैसा मागत असे, आणि त्या पैशा-पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा खेड्यातल्या माणसाकडे देण्यासाठी पैसाही नव्हता. म्हणून मूठभर धान्य. बाईने दळणाआधी एक मूठ बाजूला काढायची, ती वसतिगृहातल्या पोरांच्या भाकरीला. या मुष्टिफंडात दाता आणि लाभार्थी एकाच गावचे असत. मुठीचे काय झाले हे बघायला कुणी निरीक्षक नेमावा लागत नव्हता. तरी ती पुरी पडत नसे, हेही खरे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृह चालवताना अंगावरचे दागिने मोडले ते काही हौसेने नाही.

सरकारी अनुदानाची रीत त्याआधीची, १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची. खासगी शाळेने तपासणी मान्य करायची आणि सरकारने खर्चाचा वाटा उचलायचा, असा तो करार. त्यातला धोका रयतने १९४८ मध्ये अनुभवला. भाऊरावांच्या टीकेने नाराज झालेल्या मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. पुढे ते पुन्हा सुरूही झाले. पण एकाच खिडकीवर अवलंबून असलेली संस्था किती उघडी पडते, हे तेव्हाच दिसले होते. आजच्या कितीतरी संस्थांना हा धडा नव्याने गिरवावा लागतो.

१९५० मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला आणि मुंबई राज्यातल्या दानधर्मावर धर्मादाय आयुक्तांची नजर बसली. नोंदणी, वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. देवळांच्या आणि ट्रस्टांच्या मिळकती गिळणाऱ्यांना आळा घालायचा तर हे हवेच होते. मात्र इथून पुढे संस्थेला चांगल्या कार्यकर्त्याबरोबर चांगला सीएही शोधावा लागू लागला.

तरीही कागदाशिवाय मिळालेल्या मदतीची एक गोष्ट पुण्यात अजून सांगितली जाते. गर्दच्या व्यसनात सापडलेल्या मुलांवर अनिल अवचटांनी लेख लिहिले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी ते वाचले आणि आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. इथे लेख हाच प्रस्ताव ठरला, तोही लेखकाच्या नकळत. अशी मदत मिळायला लिहिणारा अवचट लागतो आणि वाचणारे देशपांडे, त्यामुळे तिची योजना करता येत नाही. त्यातल्या त्यात जवळ जाणारा प्रयोग ‘लोकसत्ता’ने २०११ पासून केला. ‘सर्व कार्येषु सर्वदा’ या उपक्रमात गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख छापायची आणि वाचकांनी त्यांच्या नावे धनादेश पाठवायचे.

पर्यावरणाच्या क्षेत्रात सर्वांत शहाणा अर्ज नव्वदच्या दशकात नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागाने पाहिला, असे म्हणायला हरकत नाही. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मनीचा, व्यवस्था नाबार्डकडे आणि गावांची तयारी करून घ्यायला १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटर’ ही संस्था. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. आराखडा कार्यालयात बसून काढायचा नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात उभे राहून, गट नंबरनिहाय, बांध कुठे आणि चर कुठे हे ठरवायचे. ज्या गावात दोन पुढारी एका पारावर बसत नाहीत, तिथे कितीही सफाईदार प्रस्ताव लिहिला तरी तो घामाच्या परीक्षेत नापास होणार. अर्ज लिहिण्याची हातोटी आणि काम करण्याची कुवत या दोन गोष्टी त्या पद्धतीने वेगळ्या ठेवल्या. पुढच्या काळात त्यांचीच गल्लत झाली.

आकडे मागणे हा दोष नव्हे, हे गडचिरोलीकडे पाहिले की कळते. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्यासाठी गावातल्याच स्त्रियांना शिकवले आणि तुलनेसाठी दुसरी ४७ गावे घेतली. जन्म आणि मृत्यू नोंदवत राहिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला तो नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा. पण त्या एका आकड्यामागे वर्षानुवर्षांची मोजणी होती. मार्चअखेर ‘इम्पॅक्ट’ मागणाऱ्या निधीतून असे काम कसे उभे राहणार?

तो निधी आला २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मधून. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर, म्हणजेच ‘सीएसआर’वर, खर्च करायचे. एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले आणि सर्वाधिक पैसा मिळवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र वरच राहिला. त्याची दुसरी बाजूही कायद्यातच आहे. खर्च करताना कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचे आहे, आणि कारखाने चाकण-तळोज्याला आहेत, दुर्गम धडगाव-एटापल्लीला नाहीत. शिवाय कंपनीला वर्गखोली, शौचालय, पाण्याची टाकी आवडते. पाटी लावता येते, उद्घाटनाचा फोटो निघतो. हिशेबनीसाच्या पगारावर कोण पाटी लावणार? नेमक्या त्याच पगारासाठी लहान संस्था तडफडत असतात.

त्यात २०२० उजाडले. कोरोनाच्या पहिल्याच लाटेत कंपनी व्यवहार मंत्रालयाने खुलासा केला की ‘पीएम केअर्स’ला दिलेला पैसा सीएसआर धरला जाईल, मुख्यमंत्री निधीला दिलेला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परकीय निधीच्या कायद्यात बदल झाला. परदेशी पैशाचे खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर, आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी. शेवटचा घाव सर्वांत खोल. पुण्या-मुंबईची जाणती संस्था परदेशी दात्याशी इंग्रजीत बोलायची आणि तालुक्यातल्या लहान गटाला थोडे थोडे पैसे पोचवायची, ती साखळी एका कलमाने तुटली. पैशाचा माग राहावा हा सरकारचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण माग ठेवण्याचे इतर मार्ग असताना वाटच बंद करणे अतिरेकी होते.

एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या नोंदणी अर्जाशिवाय संस्थांना कंपन्यांचा पैसा मिळेना. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०-जी ची नोंदणी कायमची होती, ती दर पाच वर्षांनी नव्याने करायची झाली. मुदती इतक्या वेळा वाढल्या की संस्थांनाही नक्की तारीख सांगता येईना. आता लहान संस्थेच्या संगणकात पॅन, १२-ए, ८०-जी, दर्पण क्रमांक आणि तीन वर्षांचे ताळेबंद एकाच फोल्डरमध्ये तयार असतात, आणि शहरात प्रस्ताव लिहून देणाऱ्या सल्लागारांचा बरा धंदा चालतो. मेळघाटात किंवा नंदुरबारला पंचवीस वर्षे काम केलेल्या बाईला कोरकू येते, भिली येते. निधीच्या अर्जाच्या पोर्टलवर मात्र ‘थिअरी ऑफ चेंज’ पाचशे शब्दांत आणि इंग्रजीत लिहायची असते.