स्टॅम्पवर सही केली म्हणजे फारकत झाली का? बैठकीत काय मिटतं आणि कोर्टातच काय करावं लागतं, समजून घ्या

दोन्हीकडचे मामा, चुलते, पोलीस पाटील, गावातली चार जाणती माणसं बसतात. दोन-तीन बैठका होतात. शेवटी ठरतं, यांचं आता जमत नाही, दोघांना मोकळं करू. मग तालुक्याला जाऊन स्टॅम्प घेतात. 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही' असं टाईप होतं, सह्या होतात, नोटरीचा शिक्का बसतो. सगळ्यांना वाटतं सोडचिठ्ठी झाली.

कायद्याने मात्र ते दोघं अजून नवरा-बायकोच असतात. स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, त्याने काही फरक पडत नाही.

कागद का चालत नाही?

हिंदू विवाह कायदा १९५५ हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख सगळ्यांना लागू आहे. या कायद्यात घटस्फोट फक्त कोर्टाच्या हुकूमनाम्याने होतो. नोटरीला लग्न मोडायचा अधिकार नाही.

कलम २९ मध्ये एक अपवाद आहे. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर ती मानली जाते. पण वाद झाला तर ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. 'आमच्यात चालतं' एवढं सांगून भागत नाही. अनुसूचित जमातींना हा कायदा सरसकट लागू नाही, तिथे त्यांच्या रूढी पाहिल्या जातात. मुस्लिम समाजात संमतीने वेगळं होण्याच्या खुला, मुबारात या पद्धती आहेत. मात्र एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

धोका कुणाला?

दोघांनाही. त्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते लग्न बेकायदा ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसरीची मुलं कायद्याने औरस मानली जातात, पण तिला स्वतःला पत्नीचा दर्जा मिळत नाही. उद्या नवरा वारला की वारस नोंदीला पहिली बायको उभी राहते आणि कायद्याने ती बरोबर असते. पेन्शन, विमा, सातबारा, सगळीकडे हीच अडचण येते.

मग बैठक वाया जाते का?

अजिबात नाही. देणं-घेणं, मुलं, दागिने हे सगळं बैठकीत ठरवता येतं, तसं ठरलं तर वर्षानुवर्षांच्या तारखा वाचतात. फक्त शेवटचा शिक्का कोर्टाचा लागतो.

त्यासाठी कलम १३-ब आहे, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट. दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा कोर्टात जाऊन 'आमचं ठरलेलं कायम आहे' असं सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे की दोघं बराच काळ वेगळे असतील, सगळं देणं-घेणं मिटलं असेल आणि पुन्हा एकत्र यायची शक्यता नसेल तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं. हुकूमनामा होण्याआधी दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हा अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो.

बैठकीत हे मुद्दे लिहूनच घ्या

स्त्रीधन : लग्नात माहेर-सासरकडून तिला मिळालेले दागिने, भांडी, भेटी तिच्याच मालकीच्या. सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाहीत. वजनासह यादी करा.

जमीन आणि घर : नवऱ्याच्या जमिनीत घटस्फोटाच्या वेळी बायकोचा आपोआप निम्मा हिस्सा, असा नियम महाराष्ट्रात नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा कायदा आहे, तिथे साधारणपणे दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. आपल्याकडे जमीन द्यायची ठरली तर नोंदणीकृत दस्त करावाच लागतो. साध्या कागदावर तलाठी फेरफार घेत नाही. जमीन भावांसोबत सामाईक असेल तर नवरा फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच देऊ शकतो. लग्न कायम असताना पत्नीला शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, इतर खर्च वेगळा. घटस्फोट झाल्यावर ती 'पत्नी' राहत नाही, म्हणून हा दस्त आधीच उरकावा. तिचं नाव आधीच सातबाऱ्यावर असेल तर ते कमी करायलाही नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, बैठकीतल्या सहीने ते होत नाही.

पोटगी : एकरकमी की महिन्याला, ते स्पष्ट लिहा. रोख देऊ नका, खात्यावर किंवा डीडीने द्या. काही रक्कम अर्जाच्या वेळी आणि बाकीची शेवटच्या तारखेला ठेवली तर दोघंही निश्चिंत राहतात. महिन्याची पोटगी असेल तर कोर्ट तिचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर चढवू शकतं.

मुलं : कुणाकडे राहणार, शाळेचा खर्च कोण देणार, दुसऱ्याने कधी भेटायचं हे ठरवा. आईने 'मला काही नको' असं लिहून दिलं तरी मुलांचा खर्चाचा हक्क संपत नाही.

कर्ज : सोसायटीचं पीककर्ज, बचत गटाचं कर्ज, गहाण ठेवलेलं सोनं, जामीन कोण कुणाला आहे, हे बैठकीत हमखास राहून जातं. बँक तुमचा समझोता बघत नाही, ज्याची सही त्याच्याकडून वसुली होते.

केस : छळाचा गुन्हा दाखल असेल तर तो बैठकीत मिटत नाही. बहुतेक वेळा दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो.

पैसे नसतील तर

तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. पोटगी आणि मालमत्तेचा वाद लोकअदालतीतही मिटतो. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याची किंमत असते आणि त्यावर अपील होत नाही. घटस्फोट मात्र लोकअदालतीत मिळत नाही.

बैठकीचं ऐकलं नाही म्हणून कुणी वाळीत टाकायची भाषा केली तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कार बंदी कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ज्यांनी आधीच स्टॅम्प केलाय त्यांनी?

घाबरायचं कारण नाही, कागद फाडूही नका. दोघं कधीपासून वेगळे आहेत आणि काय ठरलं होतं, हे दाखवायला तो उपयोगी पडतो. दोघांनी वकिलाकडे जाऊन १३-ब चा अर्ज करा. दुसऱ्या लग्नाची बोलणी मात्र हुकूमनाम्याची नक्कल हातात आल्यावरच, आणि विरुद्ध अपील नाही ना, हे वकिलाला विचारूनच करा.